हुकचा कमानीचा नियम आणि त्याच्या कालनिर्णयाचीं साधनें

कमानीस, म्हणजे जिला आपण स्प्रिंग म्हणतों तिला, भार दुप्पट टांगला असतां तिची वाढहि दुप्पट होते, हा नियम रॉबर्ट हुक याच्या नांवानें प्रसिद्ध आहे. विषय पदार्थविज्ञानाचा खरा. परंतु नियमाचा शोध केव्हां लागला हा प्रश्न सर्वस्वी कागदपत्रांचा आहे. म्हणून त्याची चर्चा येथें अप्रस्तुत होणार नाहीं.

हुक (इ. स. १६३५–१७०३) हा १६६२ पासून लंडनच्या रॉयल सोसायटीचा प्रयोगाधिकारी होता. १६७६ सालीं छापलेल्या आपल्या एका पुस्तिकेच्या शेवटीं त्यानें चौदा रोमन अक्षरें नुसतीं वर्णानुक्रमानें मांडलीं: सी, ई, तीन आय, एन, ओ, तीन एस, दोन टी, दोन यू. शोध आपला ठरावा, पण दुसऱ्यास कळूं नये, यासाठीं त्या काळीं ही युक्ति योजीत. १६७८ च्या कमानीविषयींच्या ग्रंथांत हें कूट त्यानेंच उकललें. अक्षरें जुळवून जें लॅटिन वाक्य होतें त्याचा आशय संस्कृतांत 'यथा विततिस्तथा बलम्' असा सांगतां येईल.

ग्रंथांतील प्रयोग सोपा आहे. तारेचें वेटोळें टांगावें, खालीं पारडें बांधावें, त्यांत एकेक वजन वाढवीत जावें आणि दर वेळीं पारडें किती उतरलें तें मोजावें. वीस ते चाळीस फूट लांबीची सरळ तार, घड्याळांतील गुंडाळलेली कमान व सुकें लाकूड यांवरहि हाच पडताळा त्यानें सांगितला आहे. शिवाय आकृति काढून एका रेषेवर ताणलेली लांबी व तिजवरील लंबांनीं जोर दाखविला आहे. लंबांचीं टोकें सरळ रेषेंत येऊन त्रिकोण होतो. शाळेंत काढतात तो आलेख तत्त्वतः याहून निराळा नाहीं. मात्र नियमास मर्यादा आहे: भार अति झाला कीं कमान कायमची ताणली जाते व रेषा वांकते.

आतां कालनिर्णय. हुक १६७८ त लिहितो कीं, हा शोध आपणांस सुमारें अठरा वर्षांपूर्वीं, म्हणजे १६६० च्या सुमारास लागला. परंतु त्याचा कांहीं विशेष उपयोग साधावयाचा असल्यानें तो प्रसिद्ध केला नाहीं. हा उपयोग घड्याळाचा असावा. १६७५ च्या जानेवारींत हायगेन्स यानें कमानीनें नियमित चालणाऱ्या घड्याळाचा शोध, तोहि अक्षरकूटांतच, सोसायटीचा चिटणीस ओल्डेनबर्ग यास कळविला. ओल्डेनबर्गनें आपलें रहस्य फोडलें असा आरोप हुकनें केला. त्याच वर्षीं त्यानें टॉम्पिअनकडून राजासाठीं घड्याळ करविलें. त्यावर शोध १६५८ चा व घडण १६७५ ची असा लेख कोरल्याचें नमूद आहे. पण मागाहून कोरलेला लेख पूर्वकालाचा पुरावा होत नाहीं, हें ताम्रपट हाताळणारांस सांगावयास नको.

पुढें २००६ सालीं हॅम्पशरमधील एका घराच्या कपाटांत, मुख्यतः हुकच्या हातचीं, पांचशेंहून अधिक पृष्ठें सांपडलीं. त्यांत २३ जून १६७० च्या सभेंत हुकनें खिशांतील नवें घड्याळ दाखविल्याची नोंद आहे. ती हायगेन्सच्या पत्रापूर्वीं साडेचार वर्षांची आहे. लिलावाच्या अगदीं तोंडावर हा संग्रह सुमारें दहा लक्ष पौंडांस सोसायटीकरितां घेण्यांत आला.

तथापि घड्याळाची नोंद म्हणजे नियमाची नोंद नव्हे. १६६० हें हुकचें स्वतःचें विधान, १६७६ हा छापील पुरावा आणि १६७८ हें प्रकाशन, असे तीन काल वेगळेच ठेविले पाहिजेत. नियम खरा कीं खोटा, हें एक कमान व चार वजनें घेऊन कोणासहि घरीं पाहतां येईल. तो प्रथम कोणास व केव्हां सांपडला, हें मात्र कागदावांचून ठरत नाहीं. ज्यांच्या कपाटांत जुने कागद पडून आहेत त्यांनीं निदान त्यांची यादी तरी करून ठेवावी, इतकीच विनंति.