कोरड्या रस्त्याची साक्ष

मृगाची पहिली सर आली म्हणजे महाराष्ट्रांतील शेतकरी आकाशाकडे पाहून हात जोडतो. मोटार हांकणारा मात्र रस्त्याकडे पाहतो. आठ महिने उन्हांत तापलेल्या डांबरावर धूळ, तेलाचे थेंब आणि झिजलेल्या रबराचा चुरा यांचा थर बसलेला असतो. पहिल्या सरीचें थोडेसें पाणी तो थर धुऊन नेत नाहीं. उलट त्याचें वंगण करून ठेवतें. दिवाळीच्या सुमारास बाजारांतून घेतलेला स्वस्त टायर या दिवसापर्यंत निर्दोष वाटलेला असतो. घेणाऱ्यानें चार स्नेह्यांजवळ त्याची शिफारसहि केलेली असते. आणि त्याच दिवशीं, नेहमींच्याच एखाद्या वळणावर, गाडी प्रथमच धन्याचें ऐकत नाहीं.

हा अनुभव कोणा एका देशाचा वा एका काळाचा नव्हे. हवेच्या टायरच्या साऱ्या इतिहासांत कोरड्या रस्त्यानें टायरच्या बाजूनें साक्ष द्यावी आणि ओल्या रस्त्यानें ती खोटी पाडावी, असें पुनःपुन्हा घडत आलें आहे. ती साक्ष खोटी कां ठरते, आणि टायरची खरी परीक्षा करण्याची रीत माणसाला कशी सांपडली, हें पाहण्यासारखें आहे.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धांव असते. गाडी ओढण्याचें काम बैलांचें असल्यामुळें त्या धांवेला रस्ता धरून ठेवावा लागत नाहीं. तिनें चाक झिजूं देऊं नये, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. मोटारीची गोष्ट निराळी. तिचें चालणें, वळणें आणि थांबणें हें सर्व चार चाकांच्या जमिनीला टेकलेल्या, प्रत्येकीं तळहाताएवढ्या, चार जागांवर अवलंबून असतें. त्या जागा रस्त्यावरून सुटल्या कीं ब्रेक आणि सुकाणूचें चक्र हीं दोन्ही केवळ शोभेचीं वस्तु होतात.

या कामीं रबर उपयोगी पडेल असें प्रथम कोणाच्या मनांतहि नव्हतें. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होई व थंडींत ठिसूळ बने. अमेरिकेंतील चार्लस् गुडइयर यानें १८३९ सालीं गंधक व उष्णता यांच्या योगानें रबर टिकाऊ करण्याची युक्ति शोधून काढली. १८४४ सालीं तिचें पेटंट मिळविलें. आणि १८६० सालीं तो कर्जबाजारी स्थितींत मरण पावला. रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालींच हवा भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें होतें. परंतु त्या काळीं त्याला गिऱ्हाईक मिळालें नाहीं. पुढें १८८७ सालीं बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेचीं चाकें बसविलीं आणि दुसऱ्या वर्षीं पेटंट घेतलें. टॉमसनचें जुनें पेटंट उजेडांत आल्यावर तें रद्द झालें, तरी धंदा उभा राहिला तो डनलॉपच्या नांवानेंच. १८९१ सालीं फ्रान्समधील मिशलँ बंधूंनीं चाकावरून काढतां येणारा टायर तयार केला आणि १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतींत मोटारीवर हवेचे टायर चढवून दाखविले.

लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, या सर्वांपुढें प्रश्न होता तो धक्क्यांचा आणि वेगाचा. मुलाला हिसके बसूं नयेत, गाडी हलकी पळावी, यापलीकडे कोणी पाहिलें नव्हतें. टायर पावसांत काय करील, हा प्रश्न विचारलाच गेला नव्हता.

त्याचें उत्तर मात्र लवकरच मिळालें. पहिल्या टायरांचा पृष्ठभाग गुळगुळीत असे. लंडनच्या लांकडी फरसबंदीवर पाणी आणि घोड्यांची लीद यांचा राडा झाला म्हणजे मोटारी आडव्या घसरत. मग उपायांची एकच धांदल उडाली. १९०४ सालीं अमेरिकेंतील हॅरी वीड यानें चाकाभोंवतीं गुंडाळण्याच्या सांखळ्यांचें पेटंट घेतलें. त्याच वर्षीं जर्मनींतील काँटिनेंटल कंपनीनें नक्षीदार पृष्ठभागाचा टायर पुढें आणला. १९०५ सालीं मिशलँनें पोलादी खिळे ठोकलेली चामड्याची पट्टी टायरावर बसविली. १९०८ सालीं फायरस्टोननें टायरावर ‘नॉन स्किड’, म्हणजे ‘न घसरणारा’, हीं अक्षरेंच तिरपीं उठविलीं. अक्षरांच्या कडांनीं रस्ता धरावा आणि त्याच अक्षरांनीं जाहिरातहि करावी, अशी ती योजना होती. परंतु अक्षरें झिजलीं कीं त्यांतलें वचनहि झिजे.

रबराच्या अंगांतहि याच सुमारास पालट झाला. आरंभींचे टायर पांढुरके असत. १९०४ सालीं लंडनजवळील सिल्व्हरटाउनच्या कारखान्यांत सिडनी मोट यानें रबरांत काजळी मिसळली, तेव्हां तें कितीतरी चिवट झाल्याचें आढळलें. पुढील दहापंधरा वर्षांत टायर काळा झाला तो कायमचाच. आतां तो पुष्कळ मैल टिकूं लागला. आणि ‘टिकाऊ तो चांगला’ ही समजूतहि त्याबरोबर रुजली. ती अर्धीच खरी आहे. कारण जें मिश्रण कमींत कमी झिजतें, तेंच ओला रस्ता घट्ट धरतें असें मुळींच नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानें हीच गोष्ट निराळ्या रीतीनें शिकविली. १९४२ सालीं मलाया व डच ईस्ट इंडीज जपानच्या हातीं गेल्यामुळें अमेरिकेच्या नैसर्गिक रबराचा सुमारें नऊदशांश पुरवठा तुटला. टायरांचें रेशनिंग झालें. रबर वांचविण्यासाठीं वेगाची मर्यादा ताशीं ३५ मैल ठरली. आणि खनिज तेल व मद्यार्क यांपासून कृत्रिम रबर बनविण्याचे प्रचंड कारखाने उभे राहिले. नाइलाज म्हणून पत्करलेलें हें रबर मोठ्या ट्रकांच्या टायरांत तापत असे, म्हणून लोक त्याला नांवें ठेवीत. पण ओल्या रस्त्यावर नैसर्गिक रबरापेक्षां त्याची पकड अधिक चांगली असते, हा गुण पुढें मोटारींच्या कामीं आला.

असें कां व्हावें, याचा उलगडा केंब्रिज येथील शास्त्रज्ञ डेव्हिड टेबर व त्यांचे सहकारी यांनीं १९५० च्या दशकांत केला. कोरड्या रस्त्यावर रबर दोन प्रकारांनीं पकड घेतें. एक म्हणजे तें दगडाला अक्षरशः चिकटतें; दुसरें म्हणजे खडीच्या उंचसखल कणांवर दबून तें त्यांत रुततें. मधें पाण्याचा पापुद्रा आला कीं चिकटणें जवळजवळ संपतें. उरतें तें रुतणें. दबलेलें रबर ताबडतोब उसळून मूळ आकारावर आलें तर पकड कमी मिळते. तें सावकाश, जणू आळसानें, पूर्ववत् झालें तर पकड अधिक मिळते. म्हणजे ओल्या रस्त्यावर टायरचा जीव त्याच्या मिश्रणांत असतो, आणि मिश्रण डोळ्यांना दिसत नाहीं. दोन टायर शेजारीं ठेवले तर दोन्ही काळे, दोन्ही गोल, दोन्ही नवे. स्वस्त टायरांत काटकसर जर मिश्रणांत केलेली असेल, तर ती दुकानांत कळत नाहीं आणि वैशाखांतहि कळत नाहीं.

पापुद्र्याऐवजीं रस्त्यावर पाणी साचलेलें असलें म्हणजे दुसरें संकट उभें राहतें. वेगानें जाणाऱ्या चाकाला पुढचें पाणी बाजूला सारण्यास अवधि मिळाला नाहीं, तर पाण्याची पाचर चाकाखालीं शिरते आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगूं लागतें. अमेरिकेच्या नासा या संस्थेंतील वॉल्टर हॉर्न व रॉबर्ट ड्रेहर यांनीं विमानांच्या चाकांवर प्रयोग करून १९६३ सालीं याचा नियम प्रसिद्ध केला. पाणी खांचांच्या खोलीपेक्षां अधिक असलें, तर तरंगण्याचा वेग टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत असतो. दर चौरस इंचास ३० पौंड हवा असेल तर हा वेग ताशीं सुमारें ९१ किलोमीटर येतो. हवा २४ पौंडांवर उतरली तर सुमारें ८२. हवेच्या हयगयीनें ताशीं नऊ किलोमीटरांची निर्भयता हातची जाते, आणि ती परत मिळविण्यास जवळजवळ कांहींच खर्च लागत नाहीं.

पाणी निघून जावें यासाठींच टायरवर खांचा असतात. मोटारीच्या नव्या टायरची खांच साधारणतः आठ मिलिमीटर खोल असते. परंतु येथेंच कोरडा रस्ता माणसाला सर्वांत अधिक फसवितो. खांचा गेल्या म्हणजे कोरड्या रस्त्यावरील पकड कमी होत नाहीं. कित्येकदां ती वाढते, कारण जमिनीला टेकणारें रबर वाढतें. फॉर्म्युला वनच्या शर्यतींत १९७१ सालीं आलेले टायर याच कारणासाठीं मुद्दाम बिनखांचांचे बनविलेले होते. ड्रायव्हर लोक ज्याला ‘गोटा झालेला टायर’ म्हणतात, तो उन्हाळ्यांत म्हणूनच कुरकुर करीत नाहीं. कोरडा रस्ता ज्याची स्तुति करीत असतो, तोच टायर पावसाच्या दृष्टीनें दिवसेंदिवस निकामी होत असतो. ‘इतके महिने चालविला, कांहीं झालें नाहीं’ हें ड्रायव्हरचें वाक्य खोटें नसतें. पण तें त्या महिन्यांविषयीं असतें, येणाऱ्या पावसाविषयीं नसतें.

महागड्या टायरालाहि पाण्यापुढें सीमा असते. २४ ऑक्टोबर १९७६ रोजीं जपानमधील फुजीच्या मैदानावर मुसळधार पावसांत शर्यत सुरू झाली. जगज्जेतेपदासाठीं आघाडीवर असलेल्या निकी लाउडाच्या गाडीला पावसासाठीं खास बनविलेले टायर होते. तरीहि दोन फेऱ्यांनंतर, ही स्थिति प्राणांशीं खेळण्याची आहे असें ठरवून, तो गाडींतून उतरला. जेतेपद एका गुणानें जेम्स हंटकडे गेलें. आठवडे मोजले तर जर्मनींतील अपघातांत आगींत होरपळून त्याला जेमतेम बारा आठवडे झाले होते. कोठें थांबावें हें त्याला कळलें.

सामान्य ड्रायव्हरला अशी निवड नेहमींच करतां येत नाहीं. त्याला कामावर जावें लागतें, भाडें पोंचवावें लागतें. म्हणून ही परीक्षा रस्त्यावर त्याच्या जिवानें न होतां आधींच कारखान्यांत व्हावी, हा विचार हळूहळू सरकारांच्या गळीं उतरला. अमेरिकेनें १९७० च्या दशकाच्या अखेरीस टायरांवर गुणश्रेणी छापण्याची पद्धत सुरू केली. तींतील पकडीची श्रेणी ओल्या डांबरावर आणि ओल्या काँक्रीटवर चांचणी घेऊन ठरते. १९८९ सालीं युरोपांत खांचेची किमान खोली १.६ मिलिमीटर ठरविण्यांत आली. भारतांतहि मोटारींसाठीं हीच मर्यादा आहे. दरम्यान मिशलँनें १९९० च्या दशकाच्या प्रारंभीं काजळीऐवजीं बऱ्याच अंशीं सिलिका वापरून, इंधन वांचवूनहि ओली पकड राखणारें मिश्रण तयार केलें. १ नोव्हेंबर २०१२ पासून युरोपांत विकल्या जाणाऱ्या नव्या टायरांवर ओल्या पकडीची श्रेणी दर्शविणारी चिठ्ठी सक्तीची झाली. २०२२ सालीं भारत सरकारनेंहि ओल्या रस्त्यावरील पकडीचें किमान प्रमाण नियमांत घातलें.

त्या युरोपीय चिठ्ठीमागील हिशेब असा होता. ताशीं ८० किलोमीटर वेगानें ओल्या रस्त्यावर जाणाऱ्या मोटारीला पूर्ण ब्रेक लावला, तर वरच्या श्रेणीचे चार टायर आणि तळच्या श्रेणीचे चार टायर यांच्या थांबण्याच्या अंतरांत १८ मीटरपर्यंत फरक पडूं शकतो. अठरा मीटर म्हणजे एकामागें एक उभ्या केलेल्या चार मोटारी. रस्ता ओलांडणारें एखादें शाळकरी पोर त्या अठरा मीटरांत असेल, तर टायरच्या किंमतींतला फरक मग कोणत्या हिशेबवहींत मांडावयाचा?

यावरून स्वस्त टायर घेणारा प्रत्येक जण बेफिकीर ठरतो असें नव्हे. मिळकत बेताची असली म्हणजे खरेदीहि बेताचीच होते. आणि नामांकित कंपनीच्या पार झिजलेल्या टायरापेक्षां साधा पण नवा, पुऱ्या खांचांचा टायर साचलेल्या पाण्यांत अधिक भरंवशाचा असतो. घेतांना कोरड्या रस्त्याची प्रशंसा न ऐकतां ओल्या पकडीची श्रेणी विचारावी. खांचेच्या तळाशीं असलेले झिजेचे उंचवटे पृष्ठभागाशीं समपातळींत आले कीं टायर बदलावा. हवा मोजून घ्यावी. आणि पाऊस लागतांच वेग उतरवावा. यांपैकीं शेवटच्या दोन गोष्टी गरिबाला आणि श्रीमंताला सारख्याच स्वस्त आहेत.

टॉमसनपासून आजपर्यंतच्या साऱ्या खटपटीचें सार एवढेंच आहे कीं, टायरविषयीं कोरड्या रस्त्याची साक्ष घेऊं नये. मृगाची सर येण्यापूर्वीं एका सकाळीं गाडीजवळ खालीं बसून चारहि चाकांच्या खांचांतून बोट फिरवून पाहावें. त्याला पैसा लागत नाहीं.