फाळके फिल्म्स कंपनी : एका घराचा उद्योग



या स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडताना मी दोन गोष्टी मनाशी धरल्या होत्या. विषयाचे आपल्या बडोद्याशी नाते असावे, ही पहिली. आणि ज्यांच्या श्रमांची नोंद इतिहासाच्या वहीत नीटशी झालेली नाही अशा कोणाचे तरी स्मरण त्या निमित्ताने घडावे, ही दुसरी. धुंडिराज गोविंद फाळके यांच्या चित्रपटसंस्थेच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात. दादासाहेबांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतो, आणि ते यथार्थच आहे. परंतु त्यांची संस्था ही मुळात एका कुटुंबाची संस्था होती, याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही.

फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून ते बडोद्यास आले आणि महाराज सयाजीरावांच्या आश्रयाने चालणाऱ्या येथील कलाभवनात त्यांना चित्रकला व छायाचित्रण यांचे शिक्षण मिळाले. हुन्नर आणि शास्त्र यांची सांगड घालणारी ती संस्था होती. यंत्र उघडून पाहावे, रसायन स्वतः करून पाहावे, ही दृष्टी फाळके यांच्या ठायी पुढे जन्मभर दिसते. येथून ते गोध्र्यास गेले व तेथे त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय मांडला. परंतु प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि अपत्य हिरावून नेले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई.

पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडून फाळके यांनी छापखाना काढला, रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी जर्मनीची वारी केली, आणि भागीदारांशी न पटल्याने त्या भरभराटीच्या धंद्यातूनही ते बाहेर पडले. अशा रिकामपणाच्या दिवसांत गिरगावातील एका चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. तो पाहत असता राम-कृष्ण पडद्यावर केव्हा येतील हा विचार त्यांच्या मनात आला, हे सर्वश्रुत आहे. पुढची हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते. तो चित्रपट दाखविण्यासाठी ते पत्नीलाही घेऊन गेले. या वेडाचा पहिला जोडीदार घरातच लाभला.

विम्याची पॉलिसी गहाण ठेवून फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्च्या फिल्मची मागणी एवढी सामग्री जुळवून एप्रिलमध्ये ते परतले, आणि फाळके फिल्म्स कंपनी स्थापन झाली. तिची कचेरी, प्रयोगशाळा आणि भोजनशाळा एकाच छपराखाली, म्हणजे दादरच्या त्यांच्या राहत्या घरी होती.

त्या काळी येणाऱ्या कच्च्या फिल्मला कडेची छिद्रे पाडलेली नसत. अंधाऱ्या खोलीत, हाताच्या अंदाजाने, समान अंतरावर ती पाडावी लागत. एक छिद्र चुकले तर चित्र पडद्यावर थरथरे. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुणे आणि रसायने कालविणेही त्या शिकल्या. चित्रीकरण चालू असता पांढरी चादर धरून त्या उन्हात उभ्या राहत आणि पात्रांच्या तोंडावर उजेड पाडीत. आणि हे सर्व उरकून कंपनीतील साठ-सत्तर माणसांच्या पंक्तींचा स्वयंपाक त्यांच्याकडेच होता. भांडवल कमी पडले तेव्हा त्यांचे दागिनेही गेले.

‘राजा हरिश्चंद्र’ अशा घरात तयार झाला. रोहिदासाची भूमिका त्यांचा मुलगा भालचंद्र याने केली. तारामतीसाठी स्त्री मिळेना, म्हणून एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसविण्यात आले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये हा चित्रपट लोकांपुढे आला. नाटकमंडळीत जाणे जेथे कमीपणाचे मानले जाई, तेथे सिनेमात काम करतो असे सांगणार कोण? म्हणून नटांनी ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात’ नोकरीला आहोत असे सांगावे, अशी युक्ती निघाली. त्यात विनोद आहे तसे तथ्यही आहे. तो खरोखरच एक घरगुती कारखाना होता.

त्याच वर्षी हा संसार नाशिकला हलला. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ तेथे झाले. नंतर १९१४ चे महायुद्ध आले आणि सावकारांनी हात आखडता घेतला. घराच्या कंपनीची खरी कसोटी येथे लागते. पगारी माणूस अडचणीच्या दिवसांत दुसरी चाकरी पाहू शकतो. घरच्या माणसांना तशी वाट नसते. हेच तिचे बळ, आणि हाच तिचा दुबळेपणाही. घरखर्च आणि कंपनीचा खर्च एकाच थैलीतून होत असल्यामुळे एक खचला की दुसरा खचे.

१९१७ च्या ‘लंका दहन’ने दिवस पालटले. त्यात साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. त्या यशापाठोपाठ भांडवलदार पुढे आले आणि १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. तिच्या नावात फाळके हे नाव उरले नाही, आणि भागीदारांच्या यादीत सरस्वतीबाई नव्हत्या. पाच-सहा वर्षांचे त्यांचे श्रम कोणत्याही हिश्श्यात मोजले गेले नाहीत. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत बोचणारी गोष्ट हीच आहे. कुटुंबाच्या उद्योगात स्त्रीचे काम ‘संसार’ म्हणून जमा होते, आणि उद्योगाचे मूल्य ठरविण्याची वेळ आली की ते जमेच्या बाजूला कोठेच सापडत नाही.

नव्या कंपनीत ‘श्रीकृष्ण जन्म’ व ‘कालिया मर्दन’ हे चित्रपट झाले. परंतु खर्चाचा हिशेब मागणारे भागीदार आणि आपल्या मनाप्रमाणे चालणारा कलावंत यांचे जमेना. फाळके कंपनी सोडून काशीस गेले, तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले, आणि काही काळाने परत आले. १९३२ च्या ‘सेतुबंधन’पर्यंत बोलपटांचे युग सुरू होऊन गेले होते. १९३७ चा ‘गंगावतरण’ त्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी केला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या मुलांच्या हाती चालती चित्रसंस्था आली नाही.

१९१९ चा ‘कालिया मर्दन’ सुदैवाने बराचसा शिल्लक आहे. त्याच्या आरंभी बाळकृष्ण झालेली फाळके यांची लहानगी कन्या मंदाकिनी नाना मुद्रा करून दाखविते. शंभराहून अधिक वर्षांनीही ते खट्याळ मूल आपल्याकडे पाहून हसते. पडद्यावर मुलगी आहे, इतिहासात वडील आहेत. आई मात्र कोठेच दिसत नाही. चादर धरणारा माणूस चित्रात येत नसतोच. त्याने पाडलेला उजेड तेवढा चित्रात येतो.

आपल्या शाळेच्या दालनात देणगीदारांच्या नावांचे फलक आहेत. ते असावेतच. परंतु मित्रहो, प्रत्येक संस्थेमागे असा उजेड धरणारे हात असतात. त्यांची नावे माहीत असणारी माणसे हयात आहेत तोवर ती विचारून लिहून ठेवावीत, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.