करारावर सही कोणाची?

अक्कलकोटहून सोलापूरला येताना अक्कलकोट रोडची औद्योगिक वसाहत लागते. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांचा खडखडाट इथे ओळखीचाच. मजुरीच्या करारात माग चालवणाऱ्याचा शब्द किती, हा इथला आजचा प्रश्न. त्याचे मूळ शोधताना मात्र मुंबईच्या गिरणगावात, १९२८ सालात जावे लागते.

त्या वर्षी मालकांनी एका विणकराकडे दोनाऐवजी तीन माग द्यायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. तिचे अध्यक्ष आळवे स्वतः गिरणीत काम केलेले, सरचिटणीस श्रीपाद अमृत डांगे. संयुक्त संप समितीने सतरा मागण्या मांडल्या आणि ऑक्टोबरमध्ये फॉसेट समितीच्या चौकशीवर संप मिटला.

या संपाची खरी कमाई मला गिरणी समित्यांत दिसते. तोवर कामावर घेणे, काढणे आणि तक्रार वर पोचवणे, सारे जॉबरच्या मर्जीवर चाले. आता प्रत्येक गिरणीतले कामगार आपले प्रतिनिधी निवडू लागले. वर्गणी तेच गोळा करत, खात्यातले गाऱ्हाणे तेच मांडत. साहजिकच जॉबर आणि मालक दोघांनाही त्या खुपल्या. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यात डांगे, आळवे पकडले गेले. पुढच्याच महिन्यात सुरू झालेला संप फसला आणि समित्यांचा कणा मोडला.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीला चौकट दिली, पण दार अरुंद केले. 'प्रातिनिधिक संघटना' ठरली की कामगारांच्या वतीने बोलायचे तिनेच. ती हजर असेल त्या कामकाजात एकट्या कामगाराला जागा नाही. मुंबईत हे स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तेव्हा पगारवाढीइतकीच हा कायदा रद्द करण्याची मागणीही होती. कामगार एकीकडे आणि सहीचा अधिकार दुसरीकडे, अशी ती कोंडी होती.

इतर उद्योगांसाठी महाराष्ट्राने १९७१ मध्ये वेगळा कायदा केला. त्यात मान्यतेसाठी तीस टक्के सभासद लागतात. संपावर जाण्यापूर्वी मान्यताप्राप्त संघटनेने सभासदांचे मतदान घ्यावे, बहुमत नसेल तर संप बेकायदा, असेही तो सांगतो. करारावर सही करण्यापूर्वी मात्र असे मतदान सक्तीचे नाही. भांडायला सभासदाचे मत हवे. भांडण कशावर मिटवायचे, हे त्याला विचारायलाच हवे असे नाही.

गिरणी समित्यांनी नेमके हेच उलटे करून पाहिले होते. तीन माग म्हणजे काय, हे ते चालवणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून मसुदा आधी खात्यात वाचला जावा, सही नंतर व्हावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. संघटनेने आपल्या घटनेत एक कलम घातले तरी पुरे.