सहावी ते आठवीसाठी गणिताचा पूरक वर्ग : इंदूरच्या मराठी मुलांच्या संदर्भात

गणिताचा पूरक वर्ग म्हणजे शिकवणी नव्हे. शिकवणीत शाळेचाच धडा पुन्हा होतो. पूरक वर्गात मागे राहून गेलेले भरून काढायचे असते. पाचवीपर्यंत मूल पाठांतरावर निभावून नेते. सहावीपासून अपूर्णांक, दशांश, ऋण संख्या, गुणोत्तर, बीजगणित असे एकामागून एक येत जाते आणि हातच्याची वजाबाकी पक्की नसलेले मूल एका सत्रात मागे पडते. ‘असर’च्या २०१८, २०२२ आणि २०२४ च्या ग्रामीण पाहण्यांत आठवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले नव्हते. शहरात चित्र फार वेगळे असते, असा आमचा अनुभव नाही. त्यात २०१९ मध्ये शिक्षणहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीत मुलांना मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, त्यामुळे हा विषय आता घरोघरी काळजीचा झाला आहे.

आम्ही पाच-सहा निवृत्त मंडळी, बहुतेक बँकेतली, दर रविवारी सकाळी दीड तास असा वर्ग घेतो. पहिल्या वर्षी चूक केली ती आधी सांगतो. मुलांची शाळेची पुस्तके उघडली आणि चालू धड्यापासून सुरुवात केली. दिवाळीपर्यंत निम्मी मुले येईनाशी झाली. शाळेत जे कळत नव्हते तेच रविवारी पुन्हा कळत नव्हते, तर ती कशाला येतील? आता पहिल्या दिवशी तिसरी ते पाचवीच्या पातळीची वीस उदाहरणे देतो, गुण देत नाही, आणि मूल कुठे अडले तेवढेच वहीत टिपून ठेवतो. इयत्तेप्रमाणे गट न करता अडलेल्या जागेप्रमाणे करतो. सातवीचा मुलगा सहावीच्या मुलीशेजारी भागाकार करत बसला तर सुरुवातीला लाजतो, पण दोन रविवारांत विसरतो.

आपल्याकडची खास अडचण भाषेची आहे. घरी मराठी, गल्लीत हिंदी, पुस्तक बहुधा इंग्रजी. आजोबा ‘छेद’ म्हणतात, हिंदी पुस्तकात ‘हर’ असते. आपले गुणोत्तर तिकडे ‘अनुपात’, परिमिती ‘परिमाप’, कंस ‘कोष्ठक’, सरळव्याज ‘साधारण ब्याज’. सगळ्यांत घोटाळा ‘वर्ग’ या शब्दाचा. मराठीत आकृती ती चौरस आणि संख्येचा तो वर्ग. हिंदीत दोन्हीला वर्गच. आजोबांनी मनापासून समजावलेले नातवाला का कळत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. म्हणून प्रत्येक मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिन्ही भाषांतले शब्द शेजारी शेजारी लिहून घेतो.

दुसरी गोष्ट संख्यांच्या नावांची. मराठीत आणि हिंदीतही एकक आधी बोलतात, दशक नंतर: चोपन्न म्हणजे आधी चार, मग पन्नास. इंग्रजीत विसाच्या पुढे दशक आधी येते आणि लिहितानाही तेच आधी लिहायचे असते. सातवीतली एक मुलगी आमच्याकडे आली तेव्हा ‘हिला गणित जमणारच नाही’ असे घरात ठरून गेले होते आणि तीही तसेच म्हणायची. तिची उदाहरणे तपासली तर रीत सगळी बरोबर, उत्तरे चुकलेली. आई घरी मराठीत संख्या सांगायची आणि ती चोपन्नला ४५, त्र्याहत्तरला ३७ लिहायची.

हे पटकन लक्षात आले ते बँकेतल्या सवयीमुळे. दिवसअखेर बाकी जुळली नाही की आम्ही आधी फरकाला नऊने भागून पाहत असू. निःशेष भाग गेला तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव मोठा. त्या मुलीच्या बेरजांतले फरक ९, ३६, २७ असे निघाले. आठवीच्या मुलांकडून याचे कारणही काढून घेतो: (१०क + ख) − (१०ख + क) = ९(क − ख). बीजगणित कशाला शिकायचे, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारत नाही. गंमत अशी की ५६ उलटा लिहिणारे मूल इंदुरात अजून आम्हांला भेटलेले नाही; छप्पन दुकानच्या पाट्या लहानपणापासून डोळ्यांसमोर असतात.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’बरोबर ‘साठ तीन’ असे वाचनही दिले, तेव्हा महाराष्ट्रात बराच वाद झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरे आणि उलटा क्रम मुलांना जड जातात, हे कारण सांगितले होते. आम्हांला जुने शब्द सोडवत नाहीत, पण अडलेल्या मुलापुरती ही युक्ती उपयोगी पडते, हे आम्ही पाहिले आहे. त्या मुलीला महिनाभर ‘पन्नास चार, म्हणजे चोपन्न’ असे दोन्ही म्हणायला लावले. चुका थांबल्या. गणितात ती पहिली वगैरे आली नाही, पण शाळा सुटल्यावर पोट दुखणे थांबले, असे तिची आई म्हणाली.

अपूर्णांकात सर्वांत जास्त वेळ जातो. १/२ + १/३ = २/५ हे उत्तर आम्ही दर वर्षी पाहतो. ते खोडण्याआधी एकच प्रश्न विचारतो: अर्ध्या पोळीत आणखी तुकडा घातला, तर अर्ध्यापेक्षा कमी कशी झाली? लसाविची रीत त्यानंतर. आपल्या जुन्या पाढ्यांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी होत्या. रुपयाचे सोळा आणे असताना त्या रोज लागत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि हे पाढे मागे पडले. पाढे पुन्हा पाठ करून घ्यावेत, असे आमचे म्हणणे नाही. पण सव्वा, दीड, पावणेतीन हे शब्द मुलांच्या कानावर दूधवाल्याकडे आजही पडतात. सव्वा आणि दीड मिळून पावणेतीन हे जे मूल तोंडी सांगते, ते कागदावर ५/४ + ३/२ ला घाबरते. दोन्ही एकच आहे हे दाखवले की अर्धे काम होते.

दशांशासाठी बँकेची पैसे भरण्याची स्लिप उत्तम. पाच रुपये पाच पैसे ५.५ लिहिले की गल्लेवाला पाच रुपये पन्नास पैसे मागेल, हे लगेच समजते. ऋण संख्यांना नावे-जमा. चक्रवाढ व्याजाला दहा हजार रुपये, दर साल दर शेकडा ८, दोन वर्षे: सरळव्याज १,६००, वार्षिक चक्रवाढ १,६६४. वरचे ६४ कुठून आले, हे मुलांनीच शोधायचे. पहिल्या वर्षीच्या ८०० रुपयांवरचे ते व्याज, हे सापडायला सूत्र लागत नाही.

हातच्याच्या वजाबाकीचा सराव कंटाळवाणा होतो. तेव्हा देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर कामी येतात. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, उत्तराचे पुन्हा तसेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. नाही आले तर वजाबाकी चुकली, म्हणजे तपासायला काकाही लागत नाहीत.

इतर गावांच्या मंडळांना वर्ग काढायचा असेल तर खर्च फारसा नाही. एक फळा, आखीव वह्या, जुन्या स्लिपा आणि प्रत्येक सहा मुलांमागे एक माणूस. सहापेक्षा जास्त झाली की मागे बसलेले मूल पुन्हा मागेच राहते. शुल्क घेऊ नये, पण सलग तीन रविवार न आलेल्या मुलाच्या घरी कुणीतरी जाऊन यावे. वर्ग जूनअखेर सुरू करून जानेवारीत थांबवावा. परीक्षेच्या तोंडावर आलेल्या मुलाला त्या वर्षी घेऊ नये, पुढच्या जूनसाठी नाव लिहून ठेवावे.