टावर चौकातले वाफेवरचे पोहे

माळव्यातले बाजारचे पोहे विस्तवावर परतले जात नाहीत, वाफेवर ठेवले जातात. उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये, टावर चौकाच्या आसपास सकाळी लागणाऱ्या गाड्यांवर खाली पाण्याचे मोठे पातेले खदखदत असते आणि त्याच्या तोंडावर परात किंवा पसरट कढई बसवलेली असते. पिवळ्या पोह्यांचा ढीग त्या परातीत. गिऱ्हाईक सहाला येवो की दहाला, पोहे तेवढेच मऊ आणि तेवढेच गरम. पुण्या-मुंबईच्या कांदेपोह्यांशी या पदार्थाचे नाते जवळचे आहे. पण दोघांना वेगळे केले ते मुख्यतः या भांड्यांच्या जोडीने.

पोहा हा मुळातच अर्धाअधिक शिजलेला दाणा. साळ भिजवायची, भट्टीत तापल्या वाळूत भाजायची आणि गरम असतानाच कुटून किंवा दाबून चपटी करायची, की पोहे तयार होतात. पुढे त्यांना हवा असतो तो ओलावा आणि ऊब. घरी कढईत फोडणीवर पोहे टाकून झाकण ठेवले, एक वाफ आणली आणि लगेच वाढले तर काही बिघडत नाही. तीच कढई तासभर आचेवर राहिली, तर तळचा थर करपतो आणि वरचे पोहे वातड होतात. उकळत्या पाण्याची वाफ मात्र 100 अंशांच्या फारशी पुढे जात नाही, आणि ती सुकवण्याऐवजी ओल देते. म्हणून माळवी विक्रेता पोहे चाळणीत धुऊन निथळतो, हळद, मीठ, साखर लावतो, थोड्या तेलात मोहरी, बडीशेप, धणे आणि हिरव्या मिरच्यांची फोडणी देतो आणि पुढचे काम वाफेवर सोपवतो.

माळव्यात निखारेही वापरतात, पण ते कणकेच्या बाफल्यांसाठी, गोवऱ्यांच्या आचेचे. पोह्यांसाठी ते कधीच सोयीचे नव्हते.

उज्जैनचा पोह्यांशी संबंध सांगताना सुदामा हमखास येतो, कारण कृष्ण-सुदामा ज्या सांदीपनींकडे शिकले त्यांचा आश्रम इथे दाखवतात. पण सुदाम्याने पोहे नेले ते द्वारकेला, त्यामुळे या कथेवरून उज्जैनच्या न्याहारीबद्दल काही ठरत नाही. उलट, माळव्याची काळी जमीन गहू, ज्वारी आणि हरभऱ्याची. भात हे तिचे मुख्य पीक नव्हे. अशा मुलखात भाताचा पदार्थ रोजचा व्हावा, याला कारण हवे. सर्वसाधारण समजूत अशी की ही सवय मराठ्यांबरोबर आली, आणि ती पटण्याजोगी आहे.

अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी उज्जैनला आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी महाकालाचे देऊळ पुन्हा उभारले. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरजवळच्या लष्करला हलवली, तरी कारकून, भिक्षुक, शिक्षक अशी मराठी घरे मागे राहिली. विसाव्या शतकातही गजानन माधव मुक्तिबोध, प्रभाकर माचवे आणि भीमबेटकाच्या गुहाचित्रांचा शोध लावणारे वि. श्री. वाकणकर यांचा या शहराशी निकटचा संबंध होता. अशा घरांत पोहे हे मधल्या वेळचे किंवा पाहुण्यांपुढे ठेवायचे खाणे.

ते रस्त्यावर यायला मात्र सकाळी घराबाहेर पडणारी गर्दी लागते. 1876 मध्ये उज्जैनला रेल्वे आली, पुढे विनोद मिल, हीरा मिल अशा कापडगिरण्या आल्या आणि त्यांच्या पाळ्याही. रुळांच्या एका अंगाला क्षिप्रेकाठचे जुने शहर, दुसऱ्या अंगाला माधवराव शिंद्यांच्या नावाचे माधवनगर. व्यापाऱ्यांना दिलेल्या करसवलतीमुळे त्याला फ्रीगंज म्हणू लागले, असे सांगतात. सरळ रस्ते, दुकाने, कचेऱ्या आणि मधोमध घड्याळाचा मनोरा, म्हणजेच टावर. चालत्या माणसाला उभ्याउभ्या खायला घालायची ही जागा. पाटावर बसवून वाढायचे पोहे इथे वेगळ्या रूपात उतरले.

सर्वांत मोठा बदल कांद्याचा. मराठी घरात कांदा फोडणीत परततात आणि पदार्थाचे नावच त्यावरून पडते. माळव्यात तो कच्चा, बारीक चिरलेला, वरून घालतात. याचा फायदा उघड आहे: कांदा न खाणाऱ्या जैन किंवा वैष्णव गिऱ्हाइकालाही त्याच परातीतून वाढता येते. वाद होईल असे सगळे वर, परातीत फक्त सर्वांना चालेल तेवढे. हरभऱ्याच्या या मुलखात शेव तर हवीच. शिवाय लिंबू, कोथिंबीर, कधी डाळिंबाचे दाणे, आणि जिरे, आमचूर, बडीशेप, लवंग, सुंठ, काळे मीठ यांचे चूर्ण, ज्याला तिकडे जिरावन म्हणतात. शेजारी जिलबी. पोह्यांतली बडीशेप आणि साखर यांमुळे ही जोडी विजोड वाटत नाही, जरी पहिल्यांदा खाणाऱ्या पुणेकराच्या कपाळाला आठी पडते. इंदुरात याच पोह्यांवर झणझणीत उसळ ओततात. नागपूरची हरभऱ्याची तर्री त्याच जातीची, पण तिखटपणात एक पाऊल पुढे.

महाकालाची भस्मारती पहाटे चारच्या सुमारास सुरू होते, आणि ती आटोपून बाहेर पडणाऱ्या यात्रेकरूला उजाडताच काहीतरी गरम हवे असते. ऑक्टोबर 2022 मध्ये महाकाल लोक हा मंदिराभोवतीचा परिसर खुला झाल्यापासून ही गर्दी बारमाही झाली. पूर्वी तिचे खरे रूप बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थातच दिसे. कोळशाच्या शेगड्यांची जागा बहुतेक ठिकाणी गॅसने घेतली आहे, पण पातेले आणि परात तीच. कापडगिरण्या बंद पडल्या. पोहे आणि परमल, म्हणजे कुरमुरे, यांचे कारखाने मात्र उज्जैनमध्ये चालू आहेत. त्यांना लागणारी साळ माळव्यात पुरेशी पिकत नाही, ती छत्तीसगढसारख्या भाताच्या मुलखातून येते.