जांभळाचा रंग आणि मेंदूचे आरोग्य

जांभूळ खाल्ल्यावर जीभ जांभळी होते ती अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे. फ्लेव्होनॉइड गटातील ही द्रव्ये करवंद, काळी द्राक्षे, स्ट्रॉबेरी, ब्ल्यूबेरी आणि कोकमाच्या सालीतही असतात. ‘फूल’ आणि ‘निळा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव १८३५ मध्ये पडले. प्रत्यक्षात रंग माध्यमाप्रमाणे बदलतो: आंबट रसात लाल, अल्कधर्मी माध्यमात निळसर. जांभळाचा डाग साबण लावताच निळा दिसू लागतो तो यामुळेच.

मेंदूच्या संदर्भात ही फळे चर्चेत आली ती १९९९ मध्ये. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठातील जेम्स जोसेफ आणि सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या उंदरांना आठ आठवडे ब्ल्यूबेरी, स्ट्रॉबेरी किंवा पालकाचा अर्क मिसळलेले खाद्य दिले. उंदरांची स्मरणशक्ती सुधारली. तोल सांभाळण्यात ब्ल्यूबेरीवाले सरस ठरले.

माणसांबाबतचा मोठा पुरावा २०१२ मधला. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीतील सत्तरी ओलांडलेल्या सुमारे १६,००० स्त्रियांमध्ये, ही फळे जास्त खाणाऱ्यांची बौद्धिक घसरण अडीच वर्षांपर्यंत लांबल्याचे दिसले. मात्र ही केवळ पाहणी होती. फळे आवडीने खाणारी व्यक्ती बहुधा चालते-फिरतेही जास्त. श्रेय नेमके कोणाचे, हे अशा अभ्यासातून पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. प्रत्यक्ष फळ किंवा रस देऊन केलेल्या चाचण्या बहुतांशी लहान आणि काही महिन्यांच्या असून त्यांचे निष्कर्षही संमिश्र आहेत. ‘स्मृतिभ्रंश टाळा’ म्हणत कॅप्सूल विकणाऱ्यांचा दावा म्हणूनच पुराव्यापेक्षा बराच मोठा आहे.

हा परिणाम होतो कसा? पूर्वी उत्तर एकच असे: अँटिऑक्सिडंट. पण परीक्षानळीतील गुण शरीरात तसाच दिसेल असे नाही. याच कारणाने अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये अँटिऑक्सिडंट क्षमतेचे आपले तक्ते संकेतस्थळावरून काढून टाकले. मूळ रंगद्रव्य रक्तात फारच थोडे शोषले जाते. उरलेल्याचे आतड्यातील जिवाणू लहान फिनॉलिक संयुगांत रूपांतर करतात. रक्तवाहिन्या आणि दाह यांवरील त्यांच्या परिणामातून मेंदूला फायदा होत असावा, असा सध्याचा विचार आहे.

कोकमात मुख्यतः सायनिडिनची, तर जांभळात डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन आणि माल्व्हिडिनची संयुगे असतात. त्यामुळे ब्ल्यूबेरीचे निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. शिवाय आगळात मीठ आणि सरबतात साखर भरपूर. रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी रंगाआधी तेच पाहावे, कारण हे दोन्ही विकार स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतात.