आवाज फाटू नये म्हणून

पंढरीच्या वाटेवरचे भजन आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले आहे. विणेकरी एकटाच संथपणे अभंग उचलतो. मागून टाळकरी साथ धरतात, पखवाज बोलू लागतो, आणि शेवटी गजर झाला की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. आपल्या कानाला याचा त्रास नाही. कान मोठा समजूतदार. पण तेच भजन मोबाइलवर टिपा आणि घरी लावून पाहा. विणेकरी कुठल्या कुठे बारीक, आणि गजर आला की आवाज फाटलेला! या फाटण्याशी माणूस सव्वाशे वर्षे झगडतो आहे, त्याची ही हकीकत.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. तेव्हा ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. एक मोठा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई आणि खाली फिरणारी मेणाची तबकडी, एवढाच संसार. हळू गायले तर मेणावर रेघ धड उमटत नसे. एकदम जोर लावला तर सुई उसळून शेजारच्या रेघेत शिरे आणि तबकडी वाया जाई. म्हणून वरच्या स्वरांना जाताना गाणाऱ्याने डोके मागे न्यायचे, उतरताना पुढे आणायचे. काही वेळा त्याला धरून मागेपुढे करायला माणूसच उभा असे. हसू येते खरे. पण आवाज सारखा करण्याची पहिली युक्ती ती हीच.

१९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले आणि कर्णा गेला. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे दोन्ही काळांत मुद्रित झाले आहे: १९०५ च्या सुमारास कर्ण्यापुढे, आणि १९३७ साली ते वारले त्याआधीच्या वर्षांत मायक्रोफोनपुढे. शिक्षक बंधुभगिनींनी दोन्ही मुलांना ऐकवावीत. नाजूक आवाजाला मायक्रोफोनने केवढा आधार दिला, ते न सांगता कळेल.

दणकट आवाजाचे काय? आपल्या बार्शीत जन्मलेले शाहीर अमर शेख पहाडी आवाजाचे; खुल्या मैदानातली सभा भारून टाकणारे. अशा आवाजासाठी मायक्रोफोनच्या पलीकडे एक माणूस लागतो. तो काट्यावर डोळा ठेवून बसतो आणि बटण फिरवून आवाज चढवतो, उतरवतो. पण काटा हलल्यावर बटण फिरवणारा उशिराच पोहोचतो. ज्याला गाणे कळते तो, आता तान वर जाणार, हे ओळखून आधीच हात हलवतो.

१९३० नंतरच्या दशकात हे काम करणारी यंत्रेही निघाली. ठरलेल्या मर्यादेपुढे आवाज गेला की यंत्र तो आपोआप दाबते. यंत्र जागरूक, पण त्याला गाणे कळत नाही. हलगीवर टिपरू कडाडले की ते सगळाच आवाज खाली ओढते आणि बिचारा गायकही क्षणभर बुडतो.

आता संगणक आला. ऑडॅसिटी नावाचा फुकट मिळणारा कार्यक्रम २००० साली प्रसिद्ध झाला. तसे आणखीही आहेत. त्यात आवाज डोळ्यांना दिसतो, डोंगररांगेसारखा. समजा, हलगीच्या ठोक्याचे टोक १०० आणि गायकाचा आवाज १०. ठोका आधीच माथ्याला टेकलेला, म्हणून गायकाला वर उचलता येत नाही. तेवढे ठोके रेघ ओढून ४० वर आणा, मग सारे अडीचपट करा. ठोका पुन्हा १०० वर, पण गायक २५ वर आला! कर्ण्यापुढे डोके मागे नेणारा गवई आणि ही रेघ ओढणारा, दोघांचे काम एकच. फरक एवढाच की गवयाला चूक सुधारायला दुसरी तबकडी लागे.

मात्र सगळीच शिखरे सपाट करू नयेत, असे माझे मत आहे. गजर विणेकऱ्याइतकाच ऐकू आला तर तो गजर कसला?

आणि एक गोष्ट संगणकालाही जमत नाही. टिपतानाच आवाज मर्यादेबाहेर गेला, तर लहरीचा माथा करवतीने कापल्यासारखा जातो. पुढे कार्यक्रम तो अंदाजाने भरून काढतो, पण जे टिपलेच नाही ते परत येत नाही. कॅसेटच्या काळात फितीची खरखर झाकायला आवाज चढा ठेवीत. आता ती भीती उरली नाही. नेहमीच्या १६ बिटांच्या मुद्रणात आवाजाला ६५,५३६ पायऱ्या असतात. निम्म्या मोकळ्या सोडल्या तरी ३२,७६८ हाती राहतात.

तेव्हा यंदा गावच्या सप्ताहात मोबाइल टाळकऱ्यांपुढे ठेवू नका, विणेकऱ्याजवळ ठेवा. गजर चालू असताना एकदा टिपून, ऐकून, आवाजाची पातळी ठरवा. घरी आल्यावर मूळ मुद्रण बाजूला ठेवून त्याची नक्कल करा आणि रेघा त्या नकलेवर ओढा. कित्येक गावांत म्हाताऱ्या भजनी बुवांचा आवाज नातवाच्या मोबाइलाखेरीज कुठेच नाही.